बजेट मोठं आहे, म्हणूनच आधी मोजायची टेप काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, चार वर्षं ॲल्युमिनियमची रोडबाईक चालवताय. वर्षाला सहाएक हजार किलोमीटर होतात, आठवड्यातून एकदा शंभरेक किलोमीटरची मोठी फेरी आणि त्यात एखादा तासाभराचा चढ, शिवाय वर्षातून दोन-तीनदा २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. आता पैशाची अडचण नाही. एकदाच काय ती घ्यायची आणि सगळ्यात वरची घ्यायची. यादीत तीन सायकली आहेत: एक एअरो रेस (हवा कमी अडवणाऱ्या आकाराची), एक हलकी खास चढाची, एक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याला आरामात बसता येईल अशी). आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की साठ किलोमीटरनंतर मान आखडते आणि डाव्या हाताची करंगळी बधिर होते.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

गेली अठरा वर्षं सायकली जुळवणं, उघडणं आणि माणसांना त्यांच्यावर नीट बसवणं हाच माझा धंदा आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: सायकल जितकी महाग, तितकी ती मापातली चूक कमी खपवून घेते. साध्या सायकलीत स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा) वेगळा, हँडलबार वेगळा, सीटपोस्ट गोल. स्टेम एक सेंटिमीटरने लांब वाटला तर चार बोल्ट काढा, दुसरा लावा, दहा मिनिटांचं काम. वरच्या दर्जाच्या सायकलीत स्टेम आणि हँडलबार एकाच कार्बनच्या तुकड्यात येतात, ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) त्यांच्या पोटातून हेडसेटमध्ये, म्हणजे फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंगच्या जोडीत, उतरतात आणि सीटपोस्ट त्या एकाच फ्रेमला बसेल अशा आकाराचा असतो. तिथे तोच एक सेंटिमीटर बदलायचा तर अख्खा नवा हँडलबार आणावा लागतो, बहुतेक वेळा होज सोडवावे लागतात आणि ब्रेक पुन्हा ब्लीड करावे लागतात, म्हणजे त्यांच्या तेलातली हवा काढावी लागते. म्हणून ज्याचं बजेट मोठं, त्याला स्वतःचं माप मिलिमीटरमध्ये ठाऊक हवं.

करंगळी बधिर होते म्हणजे बहुधा तळहाताच्या बाहेरच्या कडेवरून जाणारी अल्नर नस दाबली जाते आहे. हातांवर गरजेपेक्षा जास्त भार येतोय. कारणं अनेक असू शकतात: सीटचं टोक खाली झुकलेलं, सीट फार पुढे, हँडलबार लांब किंवा फार खाली, टायरमध्ये दगडासारखी हवा. मान आखडण्याचं कारणही बहुधा याच यादीत सापडेल. आधी आहे त्या सायकलवर एखाद्या जाणत्या फिटरकडून बसण्याची पद्धत नीट करून घ्या आणि महिना-दीड महिना तशीच चालवा. करंगळी जागेवर आली की त्या सायकलीचं माप हाच तुमच्या नव्या सायकलीचा नकाशा.

हे माप घरच्या घरी घेता येतं. सायकल सपाट जमिनीवर सरळ उभी करा, मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या बेअरिंगच्या) मध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या, मग भिंतीपासून हँडलबारच्या मध्यापर्यंतचं, म्हणजे स्टेम जिथे त्याला पकडतो तिथपर्यंतचं. नंतर जमिनीपासून दोघांची उंची. समजा आडवी अंतरं ७४५ आणि १२१५ मिलिमीटर आली, उंची २७० आणि ९०० आली. वजाबाकी करा: हँडलबार बॉटम ब्रॅकेटच्या ४७० मिलिमीटर पुढे आणि ६३० मिलिमीटर वर आहे. हे दोन आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. सोबत बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, आणि सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे आहे तेही. दुकानदार ‘तुम्हाला ५६ साइज लागेल’ म्हणेल तेव्हा हसून कागद पुढे करायचा. एका कंपनीची ५६ दुसऱ्या कंपनीच्या ५४ एवढी असू शकते, साइजच्या आकड्याला काही अर्थ उरलेला नाही.

फ्रेमच्या जॉमेट्रीच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं म्हणजे रीच. त्यात हेडसेटचं झाकण, स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) आणि स्टेम मिळवले की तुमचे ४७० आणि ६३० यायला हवेत. हेड ट्यूब तिरकी असल्यामुळे १० मिलिमीटरचा स्पेसर टाकला की हँडलबार साधारण साडेनऊ मिलिमीटर वर जातो आणि तीन मिलिमीटर मागे येतो. मध्यम साइजच्या रेस फ्रेमचा स्टॅक ५६०-५६५च्या आसपास असतो, त्याच साइजच्या एन्ड्युरन्स फ्रेमचा त्याहून तीनेक सेंटिमीटर जास्त. फिटिंगनंतर तुमचा हँडलबार ६३०ऐवजी ६५०वर गेला, तर रेस फ्रेमवर स्पेसरची उतरंड रचावी लागेल. बहुतेक कंपन्यांची परवानगी ३० ते ४० मिलिमीटरपर्यंतच असते, त्यापुढे फोर्कच्या, हेडसेटमधून वर येणाऱ्या नळीवर नको तेवढा ताण येतो. म्हणजे तुमच्या यादीतल्या तीनपैकी दोन सायकली कदाचित टेपनेच बाद होतील आणि रंग, ब्रँड आणि ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) यांवरची अर्धी चर्चा तिथेच मिटेल.

बरं, मापात तिन्ही बसल्या असं धरू. एअरो आणि चढाची हा वाद तुम्ही मनात घोळवताय, तो कंपन्यांनी स्वतःच जवळजवळ मिटवला आहे. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये टार्मॅक एसएल७ आणली आणि वेंज नावाची एअरो सायकल बाजूला ठेवली. ट्रेकने २०२४ मध्ये हलकी एमोंडा आणि एअरो मडोन या दोघी एकाच मडोनमध्ये ओतल्या. कारण सोपं आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, नियम २००० सालापासून तोच आहे: शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. एअरो आकाराच्या फ्रेमही त्या वजनाच्या जवळ पोचल्यावर फक्त हलकेपणासाठी वेगळी सायकल ठेवण्यात राम राहिला नाही. तेव्हा तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन सायकली म्हणजे खरं तर एकाच सायकलच्या दोन जाहिराती समजा.

वजनाचा हिशेब एकदा करून टाकू, म्हणजे झोप लागेल. तुम्ही ७० किलो, सायकल साडेसात, कपडे-बूट-पाणी धरून एकूण ८० किलो. एक किलो वाचवलं म्हणजे सव्वा टक्का. तासाभराच्या चढावर ते होतात चाळीसेक सेकंद. आणि एक किलो ही फार मोठी बचत झाली. सगळ्यात वरचं मॉडेल आणि त्याच्या एक पायरी खालचं मॉडेल यांच्यात बहुधा अर्ध्या किलोचाच फरक असतो. टार्मॅक एसएल८चंच बघा: ५६ साइजची सगळ्यात वरची फ्रेम कंपनीच्या आकड्यानुसार ६८५ ग्रॅम, खालच्या कार्बनची ७८०. आकार तोच, जॉमेट्री तीच, हवेशी वागणं तेच. मधले ९५ ग्रॅम म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी. त्या चार घोटांसाठी किंमत मात्र भलतीच उडी मारते. पैसे आहेत म्हणून ती उडी मारायला माझी हरकत नाही, शौकाला मोल नसतं. पण त्या उडीने वेग मिळेल अशी समजूत नको.

हवेचं म्हणाल तर सपाटीवर ताशी तीसच्या पुढे गेलात की तुमच्या ताकदीचा बहुतांश भाग हवा कापण्यातच जातो आणि त्या हवेच्या अडथळ्यात साधारण तीन चतुर्थांश वाटा सायकलस्वाराच्या देहाचा असतो. फ्रेम, चाकं, हँडलबार सगळं मिळून उरलेला. म्हणून तीन तास कोपर वाकवून आरामात बसता येईल अशी एन्ड्युरन्स सायकल, चाळीस मिनिटांत मान दुखून ताठ बसायला लावणाऱ्या एअरो सायकलपेक्षा प्रत्यक्षात जास्त एअरो ठरते. हे हवेचा अडथळा मोजायच्या वाऱ्याच्या बोगद्यात दिसत नाही, कारण तिथे कोणी तीन तास बसत नाही.

ग्रुपसेटबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, मी सगळ्यात कमी लिहिणार. शिमानोची ड्युरा-एस आणि तिच्या एक पायरी खालची अल्टेग्रा या दोन्ही १२ स्पीड डीआय२ (विजेवर गिअर बदलणाऱ्या) मालिका २०२१ मध्ये एकत्रच आल्या. गिअर बदलण्यात डोळे मिटून फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वजनात पाव किलोच्या थोडा वर फरक, बाकी चकाकी. स्रॅम कंपनीची रेड पूर्ण वायरलेस, प्रत्येक डिरेलरची (चेन सरकवणाऱ्या यंत्राची) बॅटरी वेगळी आणि सुटी. मागची संपली तर पुढची काढून तिथे लावा आणि घरी या. शिमानोत डिरेलरची एकच बॅटरी सीटपोस्टमध्ये, ती चार्ज केली की बरेच आठवडे विसरा. ब्रेक लिव्हरमधली सीआर१६३२ बटन बॅटरी मात्र लोक खरोखरच विसरतात, आणि मग ‘गिअर बिघडला’ म्हणून माझ्याकडे येतात. कँपॅग्नोलोने २०२३ च्या वायरलेस सुपर रेकॉर्डमधून अंगठ्याचं बटन काढून टाकलं होतं आणि २०२५ च्या १३ स्पीडमध्ये ते परत आणलं. अंगठेवाल्यांनी तेव्हा केलेला दंगा मी कौतुकाने पाहिला आहे. लिव्हरवर हात ठेवून बघा, ज्याचा आकार हाताला बरा वाटेल ती घ्या. तुमच्या करंगळीच्या दृष्टीने तो आकार डिरेलरपेक्षा महत्त्वाचा आहे.

ब्रेक डिस्कचेच घ्या, त्यावर वेळ घालवू नका.

मात्र ग्रुपसेटमधला एक मुद्दा कोणी सांगत नाही, तो गिअरच्या दातांचा. वरची मॉडेल्स बहुधा रेसच्या दातांवर येतात: पुढच्या दोन चक्रांना ५२/३६, मागच्या चक्रांना ११ ते ३०. सगळ्यात हलका गिअर ३६-३०. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारलं तर त्यात सायकल ताशी ९ किलोमीटरने चालते. दहा टक्क्यांच्या चढावर माणूस-सायकल मिळून ८५ किलो त्या वेगाने वर न्यायला सुमारे २२० वॉट लागतात. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर त्याच ६० फेऱ्यांत वेग ताशी साडेसात किलोमीटर आणि गरज सुमारे १८५ वॉट. तासाभराच्या चढाच्या शेवटच्या टप्प्यात हे पस्तीस वॉट म्हणजे गुडघे शाबूत की नाहीत हा फरक असतो. तेव्हा विकत घेतानाच ५०/३४ आणि ११-३४ मागून घ्या. त्या वेळी दुकान राजी असतं, नंतर तुमच्याच खिशातून. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबीही तेव्हाच ठरवा, कारण पॉवर मीटर (ताकद मोजणारं यंत्र) क्रँकमध्ये असेल तर पुढे लांबी बदलणं म्हणजे मीटरही बदलणं. वर्षानुवर्षं सगळ्यांना १७२.५ मिलिमीटर चिकटवलं जायचं. आता टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचारसारखा माणूस २०२४ पासून १६५वर शर्यती जिंकतो आहे, म्हणून आखूड क्रँकला नाकं मुरडणं कमी झालं. आखूड क्रँकमुळे पाय वर येताना मांडी आणि पोट यांच्यात जागा राहते, त्यामुळे खाली वाकून बसणं सुसह्य होतं. चाळिशीपुढच्या कंबरेला हे फार मानवतं.

आता चाकं आणि टायर. वाचवलेले पैसे इथे ओता. कार्बन रिम, खोली ४० ते ५० मिलिमीटर, रिमची आतली रुंदी २१ ते २५. साठच्या पुढची खोली फोटोत छान दिसते आणि आडवा वारा सुटला की पुढचं चाक हातातून हिसकावून नेते. हब (चाकाचा मधला भाग) असं घ्या की ज्याचे सुटे भाग आणि बेअरिंग सहज मिळतात. डीटी स्विस कंपनीच्या ३५०, २४० आणि १८० या तिन्ही हबमध्ये रॅचेटची (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या दातेरी चकत्यांची) कल्पना एकच, फरक मुख्यतः वजनाचा आणि बेअरिंगचा. मी स्वतः २४०वर थांबतो. सिरॅमिक बेअरिंगला जितके पैसे जातात तितक्यात चेन स्वच्छ करून वॅक्स करायला शिकलात तर जास्त वॉट वाचतील.

हुक (टायरची कड धरणारा, आत वळलेला काठ) असलेली रिम की हुकलेस, हे नक्की विचारा. हुकलेस रिमवर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायर रिम बनवणाऱ्या कंपनीच्या मान्य यादीतलाच हवा. २८-३० मिलिमीटरच्या टायरला तुमच्या वजनाला ६०-६५ पीएसआय पुरतात, त्यामुळे अडचण येऊ नये. पण सवयीने १०० भरणाऱ्यांसाठी ती रिम नाही. तुम्ही आत्ता किती भरता ते लिहिलेलं नाही. करंगळीवरून माझा अंदाज आहे की पंपाचा काटा शंभराकडेच जात असणार.

टायरसाठी फ्रेममध्ये किमान ३२ मिलिमीटरची जागा हवीच, शक्य तर ३५. आणि टायरवर छापलेल्या आकड्यावर विश्वास नको. २८ छापलेला टायर २५ मिलिमीटर आतल्या रुंदीच्या रिमवर चढवून हवा भरली आणि व्हर्निअर लावला की तीसच्या आसपास भरतो. फ्रेमच्या आतल्या बाजूला खडी घासून कार्बन खरवडलेल्या कितीतरी चेनस्टे (मागच्या चाकाशेजारच्या नळ्या) मी पाहिल्यात. ट्यूबलेस की ट्यूब याचं उत्तर तुमच्या स्वभावात आहे. दर काही महिन्यांनी सीलंट (भोक बुजवणारं द्रव) भरायचा कंटाळा नसेल तर ट्यूबलेस. असेल तर टीपीयू (पातळ प्लॅस्टिकची) ट्यूब, जी साध्या ब्युटाइल रबराच्या ट्यूबच्या निम्म्याहूनही हलकी असते.

देखभालीबद्दल दुकानात हे विचारा आणि समोरचा अडखळला तर सावध व्हा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे की दाबून बसवायचा? बीएसए किंवा टी४७ म्हणजे आट्यांचा. प्रेस-फिटही नीट बनवलेला असेल तर चालतो, पण फ्रेमचं भोक जराही बेडौल असलं की पेडलगणिक कुरकुर सुरू होते आणि ती शोधण्यात माझा आणि तुमचा रविवार जातो. हेडसेटचं वरचं बेअरिंग होज न सोडता बदलता येतं का? ज्या सायकलींत होज बेअरिंगच्या पोटातून जातात तिथे बेअरिंग किरकोळ किमतीचं आणि काम अर्ध्या दिवसाचं. घामाने वरचं बेअरिंग गंजतंच, कोणाचीही सायकल असो. सीटपोस्टची पाचर, डिरेलर हँगर (मागचा डिरेलर जिथे लटकतो तो छोटा तुकडा) आणि अॅक्सल सुटे मिळतात का? हँगर तर पहिल्याच दिवशी एक जास्तीचा घेऊन ठेवा. आणि वॉरंटी वाचा: फ्रेमची ‘आजन्म’ वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरती असते, अपघातात तडा गेला तर ती लागू नसते. अपघातानंतर सवलतीत फ्रेम बदलून देणारी योजना आहे का ते वेगळं विचारावं लागतं.

तुमच्या यादीत नसलेला एक पर्याय सांगतो, पटला तर बघा. तुमच्या मापावर बनवलेली टायटॅनियमची फ्रेम. कार्बनपेक्षा वजन अर्धा-पाऊण किलो जास्त, वाऱ्यात जरा मागे. पण फ्रेम तुमच्या दोन आकड्यांभोवती वेल्ड होते, रंग उडायचा प्रश्न नाही, टायरला जागा भरपूर आणि सगळे भाग बाजारात मिळणारे प्रमाणित. मी स्वतः तशीच एक चालवतो, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे लक्षात घ्या.

कार्बनच हवी असेल तर मी तुमच्यासाठी असं करीन: एन्ड्युरन्स जॉमेट्री किंवा जास्त स्टॅकची फ्रेम, कार्बन दुसऱ्या पायरीचा, ग्रुपसेट अल्टेग्रा किंवा त्याच तोडीचा, दात ५०/३४ आणि ११-३४, क्रँक फिटर सांगेल ती. एक उत्तम चाकजोडी, आणि पैसे उरलेच तर ब्रेव्हेसाठी ३२ टायरची दुसरी साधी जोडी. हँडलबार आणि स्टेम पहिल्या वर्षी वेगवेगळेच ठेवा. जुळलं की मग हवा तर एकसंध घ्या. चाचणीच्या फेरीला स्वतःचे पेडल आणि स्वतःची सीट न्या, टायरची हवा स्वतः तपासा आणि निदान दोन तास मागा. पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येक महागडी सायकल हवेत तरंगल्यासारखीच वाटते.

आणि एक ताकीद. मागे एकजण तीन आठवडे वापरलेली, कोरी करकरीत रेस सायकल घेऊन माझ्याकडे आले. सुबक एकसंध हँडलबार, खाली एकही स्पेसर नाही, वर एकही नाही. खांदे कानाला लागले होते. हँडलबार २५ मिलिमीटर वर घ्यायला हवा होता. झाकण उघडलं तर फोर्कची नळी अगदी वरच्या काठाला समतल कापलेली. दुकानाने ‘स्वच्छ दिसतं’ म्हणून पहिल्याच दिवशी कापली होती. कापलेल्या कार्बनला जोड नाही. नवा फोर्क त्याच रंगात मागवावा लागला, चार महिने गेले, तोवर ते जुन्याच सायकलवर फिरत होते. म्हणून बिल भरण्याआधी लेखी घ्या की नळी तीन महिने कापायची नाही. ती कंपनीच्या मर्यादेएवढी लांब ठेवायची, जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर राहू देत, आणि नळीच्या आत फुगून बसणारा एक्स्पांडर प्लग स्टेम जिथे आवळला जातो त्याच उंचीला आहे का ते बघून घ्यायचं. वर ते दोन-तीन स्पेसर विचित्र दिसतात, दिसू देत. आणि फिटिंगनंतर तुमचे दोन आकडे मला कळवा. स्टॅकचा हिशेब जमतोय का ते मी बघून सांगतो.